श्रम आणि शीण

संगणकावरचे खेळ हा वाङ्मयीन मासिकात चर्चेला घेण्याजोगा विषय आहे काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. तिचे निरसन आरंभीच केलेले बरे. या मासिकाचा वाचकवर्ग बहुतांशी बदलीच्या नोकरीतला आहे. मुलांच्या शाळा बुडू नयेत म्हणून बिऱ्हाड पुण्याला, नागपूरला वा सांगलीला, आणि आपण एग्मोरला, असा दुभंगलेला संसार आपल्यापैकी पुष्कळांच्या वाट्याला आला आहे. कचेरी सुटल्यावर खाणावळीतले जेवण उरकून निजेपर्यंत जे दोन तास हाती राहतात, ते आपल्या आधीची पिढी पत्ते कुटून, वाचन करून किंवा मंडळाच्या नाटकाच्या तालमी घेऊन घालवीत असे. आजचा तिशी-पस्तिशीतला कारकून ते तास संगणकासमोर घालवतो. दिवसाचे उरलेले सगळे तास सरकारचे असतात; हे दोनच काय ते त्याचे स्वतःचे. ते कोणी, कशासाठी आणि कोणत्या न्यायाने खाऊन टाकावेत, हा प्रश्न मला तरी क्षुल्लक वाटत नाही.

माझी तक्रार एका विशिष्ट जातीच्या खेळांविषयी आहे. २०११ साली पूर्णरूपाने प्रसिद्ध झालेला ‘माइनक्राफ्ट’ हा खेळ नावाने तरी बहुतेकांना ठाऊक असेल. या मूळ खेळाला हौशी मंडळी आपापल्या पुरवण्या जोडतात. त्यांना ‘मॉड’ म्हणतात. त्यांपैकी ‘बिल्डक्राफ्ट’, ‘इंडस्ट्रियलक्राफ्ट’ आणि ‘ग्रेगटेक’ या पुरवण्यांचा विषय यंत्रविद्या हा आहे. खनिज खणावे, ते दळावे, धुवावे, वितळवावे, त्यातून यंत्रे घडवावी आणि त्या यंत्रांनी अधिक मोठी यंत्रे उभारावी, असा त्यांचा क्रम असतो. या कल्पनेचे मला मनापासून कौतुक आहे. बीजगणित आणि प्रमाण-त्रैराशिक ज्याला शाळेत नकोसे झाले होते, असा मुलगा येथे आपखुशीने प्रवाहाचा दाब, इंधनाचा खप आणि उत्पादनाचा वेग यांचे हिशेब मांडू लागतो. ही काही लहानसहान कामगिरी नव्हे.

परंतु या पुरवण्यांच्या कर्त्यांना, आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांच्या भक्तांना, एका भ्रमाने घेरले आहे. काम जितके लांबवावे तितके ते खरे, आणि पायऱ्या जितक्या वाढवाव्या तितकी विद्या थोर, असे ते मानू लागले आहेत.

उदाहरण घेऊ. ‘ग्रेगटेक’मध्ये सर्वांत खालच्या दर्जाची एक विजेची मोटर करायची आहे. तिला चुंबकित लोखंडाची कांब लागते, तांब्याची तार लागते, लोखंडाच्या आणखी कांबी लागतात, आणि वर रबर चढवलेल्या कथलाच्या तारा लागतात. कांब कानशीने घासून काढायची. पत्रा हवा असेल तर हातोडीखाली दोन लगडी घालून एक पत्रा मिळवायचा. करवतीने कांब कापून तिचे खिळे करायचे आणि ते पुन्हा कानशीने घासून त्यांचे स्क्रू करायचे. एवढे झाल्यावर मोटर तयार होते, यंत्र नव्हे. यंत्राला अशा मोटरींखेरीज कवच, विद्युत्-मंडल आणि आणखी दहा वस्तू लागतात. विजेच्या दाबाच्या पायऱ्या ८, ३२, १२८, ५१२ अशा चौपटीने चढत जातात, आणि प्रत्येक पायरीवर हाच खटाटोप नव्या धातूत प्रथमपासून करावयाचा असतो.

पहिली मोटर करताना मौज वाटते, हे मी नाकारीत नाही. मोटरीच्या पोटात काय असते हे समजते. चुंबक आणि तार यांचे नाते कळते. दुसरी करताना ते पक्के होते. परंतु चाळिसावी मोटर करताना काय कळते? काहीही नाही. तेथे बुद्धीला निवड करायची नसते आणि हाताला कसब मिळवायचे नसते. उंदराचे बटण दाबायचे आणि वाट पाहायची. मूळ खेळातली साधी दगडी भट्टी एक नग वितळवायला दहा सेकंद घेते. म्हणजे चौसष्ट नगांच्या एका थप्पीला दहा मिनिटे चाळीस सेकंद. पुरवणीकार त्यावर दळणे, धुणे आणि चाळणे यांचे थर चढवतात. सगळ्याची बेरीज केली, तर माझ्या दोन तासांपैकी विचार किती तास चालला आणि खोळंबा किती तास झाला, याचे उत्तर लाजिरवाणे येते.

यावर पहिला बचाव असा करण्यात येतो, की खरी यंत्रविद्या अशीच संथ असते. खेळाने वास्तव दाखवावे. हा युक्तिवाद मांडणाऱ्यांनी एकदा आमच्या एग्मोरला यावे. पँथियन रस्त्यावर १८५१ साली स्थापन झालेले शासकीय संग्रहालय आहे, आणि तेथल्या कांस्यदालनात तिरुवालंगाडूचा नटराज व तिरुवेण्काडूचा अर्धनारीश्वर उभे आहेत. या चोळकालीन मूर्ती ज्या मधुच्छिष्ट पद्धतीने ओतल्या गेल्या, तीच पद्धत कावेरीकाठच्या स्वामीमलईचे स्थपती आजही चालवतात. मेण आणि राळ यांच्या मिश्रणातून आधी मूर्ती घडवायची; तिच्यावर नदीच्या मऊ गाळाचा लेप द्यायचा; तो सावलीत वाळला की त्यावर पुन्हा जाड मातीचे थर चढवायचे; साचा तापवून मेण वितळवून काढायचे; रिकाम्या पोकळीत धातूचा रस ओतायचा; निवल्यावर साचा फोडायचा आणि मग छिन्नीने मूर्तीचे डोळे, बोटे, अलंकार उजळायचे. एका साच्यातून एकच मूर्ती निघते. यापेक्षा संथ काम कोठे असेल?

पण तेथल्या संथपणाचे स्वरूप पाहा. मेण घडवताना मूर्तीची लय ठरते. लेप देताना सूक्ष्म रेषा टिकेल की बुजेल हे ठरते. रस केव्हा ओतायचा हे कारागिराच्या नजरेवर अवलंबून असते, आणि ती नजर चुकली तर महिन्यांचे काम वाया जाते. प्रत्येक पायरीवर निर्णय आहे, जोखीम आहे, आणि म्हणून प्रत्येक पायरी कारागिराला काही ना काही शिकवते. जेथे नुसते थांबणे आहे, तेथेही त्याला कारण आहे: ओली माती वाळायला वेळ लागतो आणि तो वेळ कोणा माणसाने ठरवलेला नाही. संगणकात माती नाही, ऊन नाही, मेण नाही. तेथे यंत्राला किती सेकंद लागावेत हा आकडा कोणीतरी हाताने लिहिलेला असतो. निसर्गातला विलंब ही वस्तुस्थिती असते. खेळातला विलंब हा निर्णय असतो. ज्याने निर्णय घेतला, त्याला त्याचे कारण विचारता आलेच पाहिजे. ‘वास्तव असेच असते’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही, कारण खऱ्या कानशीने दहा कांबी घासणाऱ्याचा हात अकराव्या कांबेला अधिक सफाईने चालतो. पडद्यावरची कानस मात्र हजाराव्या कांबेलाही पहिल्या कांबेइतकीच मठ्ठ राहते. म्हणजे वास्तवातला कंटाळा तेवढा उचलला, आणि वास्तवातले शिक्षण सोडून दिले.

दुसरा बचाव धीराचा. आजच्या पिढीला सगळे तत्काळ हवे असते, तिला सबुरी शिकवली पाहिजे, असे गंभीर चेहऱ्याने सांगण्यात येते. वाचकहो, सबुरीचे शिक्षण आपल्याला कोणी देऊ नये! जी नस्ती चार मेजांवरून केवळ ‘सादर’ असा शेरा घेत वर जाते आणि त्याच चार मेजांवरून खाली येते, तिची वाट पाहण्यात ज्यांचे तारुण्य सरले, त्यांना धीराचे पाठ नकोत. नस्तीच्या प्रवासातही दोन प्रकारच्या पायऱ्या असतात, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? एका मेजावर नियम तपासला जातो, आक्षेप निघतो, टिपणीतली चूक सुधारते. तेथे गेलेला दिवस सार्थकी लागतो. दुसऱ्या मेजावर फक्त तारीख पडते. कामकाज आता संगणकावर आले, कागदी नस्ती पडद्यावर गेली. तरी तारीख टाकण्यापुरते मेज जेथे कायम राहिले, तेथे विलंबही कायम राहिला. जी पायरी विचार वाढवीत नाही ती केवळ अंतर वाढवते. हा धडा दिवसभर गिरवून घरी आलेल्या माणसाला विरंगुळ्यासाठी तोच धडा पुन्हा गिरवायला लावणे, याला मी संस्कार म्हणणार नाही.

तिसरा बचाव अधिक चतुर आहे. पुढे सर्व काही आपोआप होणारच आहे, यंत्रांची साखळी उभी राहिली की हाताला विश्रांती, म्हणून आधीचे कष्ट हे त्या सुखाचे मोल आहे, असे सांगतात. येथे मला ॲडम स्मिथची आठवण होते. १७७६ साली त्याने टाचणीच्या कारखान्याचे प्रसिद्ध उदाहरण दिले. टाचणी करण्याचे काम सुमारे अठरा क्रियांत विभागले, तर दहा माणसे दिवसाला ४८,००० टाचण्या करतात. एकेकट्याने केल्या तर एका माणसाला वीसही साधायच्या नाहीत. क्रियांची विभागणी झाली ती वेळ वाचवण्यासाठी. आमच्या पुरवणीकारांनी विभागणी तेवढी घेतली आणि वेळ वाचवण्याचा हेतू टाकून दिला. अठरा क्रिया आहेत, पण त्या एकट्यानेच, एकामागून एक, करायच्या आहेत. आणि साखळी उभी राहून हात मोकळा होतो न होतो तोच पुढची पायरी नवे धातू व नवे भाग घेऊन दारात उभी राहते.

हे टाळता येते, याचा पुरावा याच कुळात आहे. ‘बिल्डक्राफ्ट’ आणि ‘इंडस्ट्रियलक्राफ्ट’ यांच्याच प्रेरणेने झेक प्रजासत्ताकातील एका छोट्या मंडळीने ‘फॅक्टोरिओ’ हा स्वतंत्र खेळ रचला. तो २०२० साली पूर्ण होऊन प्रसिद्ध झाला. त्यात पहिले जोडणी-यंत्र खेळाडूच्या हाताच्या निम्म्या वेगानेच काम करते. वरवर पाहता हा तोटा आहे. परंतु खेळाडू ते यंत्र मांडून पुढे निघून जातो. हवी तर तशीच दहा यंत्रे मांडतो. इंजिनचा एक नग व्हायला मूळ माप दहा सेकंदांचे आहे, म्हणजे या पहिल्या यंत्रावर वीस. शिवाय तो हाताने करताच येत नाही. तरीही कोणी कुरकुरत नाही, कारण त्या वीस सेकंदांत खेळाडू बसून राहत नाही. पट्टा कोठून न्यावा, कोळसा कोठून आणावा याचा विचार करीत असतो. संथपणा यंत्राच्या वाट्याला आला आणि विचार माणसाच्या वाट्याला. यंत्रविद्येचे सार याहून वेगळे काय आहे? दुर्दैव हे, की याही खेळाला जोडलेल्या काही अवजड पुरवण्यांनी पुन्हा जुनीच वाट धरली असून, हजार तास लागतात हेच त्या आपले भूषण म्हणून मिरवतात.

आपल्या मातीतला दाखला द्यायचा तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचा देतो. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले, लोखंडी नांगर केला, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन बिघडते असे समजणाऱ्या शेतकऱ्याला त्यांनी नांगर विकत घ्यायला लावला तो कष्टांची थोरवी सांगून नव्हे. तोच माणूस, तेच बैल आणि तेवढाच दिवस असताना काम अधिक खोल होते, हे त्याला शिवारात दिसले म्हणून त्याने नांगर घेतला. मराठी यंत्रविद्येची परंपरा ही शीण हलका करणाऱ्यांची परंपरा आहे. तिच्या नावाने शीण वाढवणारा खेळ यंत्रांची चित्रे दाखवील. यंत्रविद्या दाखवणार नाही.

शेवटचा बचाव उरतो: या पुरवण्या फुकट मिळतात, दिलेल्या दानाचे दात कशाला मोजावे? त्यांचे कर्ते मोबदल्यावाचून वर्षानुवर्षे खपतात, याबद्दल मला आदर आहे. परंतु आपले मासिकही कोणी द्रव्यासाठी चालवीत नाही, म्हणून त्यातल्या कंटाळवाण्या कथेला चांगली म्हणण्याचा प्रघात आपण पाडलेला नाही. जो दुसऱ्याचा पैसा घेत नाही पण वेळ घेतो, त्याने टीकेपासून सूट मागू नये. परप्रांतात एकट्याने राहणाऱ्या माणसाजवळ पैशापेक्षा वेळच थोडा असतो.

माझ्या मागण्या अवाजवी नाहीत. कोणतीही वस्तू पहिल्यांदा हाताने घडवून घ्यावी. ती जितकी गुंतागुंतीची असेल तितकी बरी. पण एकदा ती खेळाडूने जाणली, की तिची पुनरावृत्ती यंत्राच्या स्वाधीन करण्याची सोय त्याच पायरीवर असावी, तीन पायऱ्या वर नव्हे. नवी पायरी वाढवायची तर तिच्यात नवा निर्णय असावा: दोन मार्गांतून एक निवडावा लागेल, एक धातू वाचवून दुसरा खर्चावा लागेल, असे काही असावे. आणि विलंबाचे आकडे आतल्या गुंतागुंतीच्या धारिकांत दडवून न ठेवता खेळाच्या आरंभीच खेळाडूपुढे मांडावेत, म्हणजे ज्याला हजार तास हवेत त्याने ते घ्यावेत आणि ज्याच्यापाशी दोनच आहेत त्याला ते सत्कारणी लावता यावेत.

या पुरवण्या करणाऱ्यांत आज आपल्याकडचेही तरुण असतील. नसले तर उद्या होतील. आपल्या वाचकांची मुले अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकत आहेत आणि फावल्या वेळात असलेच काही रचीत आहेत. सुट्टीत घरी जाल तेव्हा त्यांच्या शेजारी बसून तो खेळ पाहा, आणि प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारा: येथे थांबल्याने खेळणाऱ्याला काय मिळाले? उत्तर देता आले तर ती पायरी राहू द्यावी. देता आले नाही तर ती काढून टाकायला सांगावी, आणि सोमवारी कचेरीत परतल्यावर आपल्या मेजावरच्या नस्तीलाही तोच प्रश्न विचारावा.