राज्यशास्त्रात पीएच.डी. आणि आपली मुले

बारावीचे निकाल लागले की आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात घरोघरी तीच चर्चा सुरू होते. नागपूरला इंजिनीअरिंग, नाही तर फार्मसी, तेही नाही तर बी.एससी. करून बी.एड. यांपैकी काहीच जमले नाही तो राज्यशास्त्र घेऊन बी.ए.ला बसतो, आणि घरचे पाहुण्यांना सांगतात, "सध्या पीएससीची तयारी करतोय." या विषयात पीएच.डी. करता येते आणि त्यासाठी सरकार दरमहा पैसेही देते, हे मात्र कोणी सांगत नाही. आमच्या वाचकांपैकी बहुतेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या इथली. मालगुजारीच्या काळापासून नगरपालिकेच्या निवडणुकांपर्यंत राजकारण आपण भरपूर केले. त्याचा अभ्यास करणारा मात्र शोधून काढावा लागतो.

याची किंमत आपण मोजली आहे, असे आमचे मत आहे. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या सप्टेंबरात अहवाल दिला. विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले, ते आठ जिल्ह्यांचे. छिंदवाडा त्यात नव्हता. आयोगाने जिल्हा हे एकक मानले, त्यामुळे एखाद्या तहसिलीत घरात कोणती भाषा बोलतात हा प्रश्न मागे पडला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपली राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली. बाजार, दवाखाना आणि सोयरीक मात्र नागपूरलाच राहिली. बेळगावच्या प्रश्नावर महाजन आयोग बसला, ग्रंथ निघाले, २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. य. दि. फडक्यांसारख्या अभ्यासकाने भाषा आणि राजकारण यांवर आयुष्य घालवले. आपल्याकडच्या मराठी पट्ट्यावरील अभ्यासाने एक फळी तरी भरेल का, याची आम्हाला शंका आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. ज्या जिल्ह्याच्या हिशोबाने आपण मागे राहिलो, तो हिशोबच आता बदलला. एवढा मोठा विषय दारात पडून आहे आणि उचलायला कोणी नाही.

कोणी म्हणेल, हे झाले घरचे राजकारण. आंतरराष्ट्रीय संबंधांशी आपला काय संबंध? संत्र्याच्या बागायतदाराला विचारा. आपल्या पट्ट्यातल्या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. त्या देशाने २०१९ पासून आयात शुल्क चढवत नेले, २०२३ मध्ये ते किलोमागे ८८ टक्यांपर्यंत पोहोचले आणि इकडे भाव कोसळले. त्याच वर्षाच्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने निर्यातीसाठी अनुदान जाहीर केले. वरूडची बाग आणि पांढुर्ण्याची बाग यांत माती तीच, कलम तेच. पण राज्य वेगळे. ढाक्याचा निर्णय, दिल्लीचे परराष्ट्र धोरण, मुंबईचे अनुदान आणि भोपाळचे मौन हे सगळे एका संत्र्याच्या भावात कसे उतरते, यावर प्रबंध लिहायला आपल्या मुलाइतका लायक कोण आहे? 'भारत-पाक संबंध : एक अभ्यास' असले विषय घेऊन मुलाखतीला जाणाऱ्यांची रांग मोठी असते. त्या रांगेत आपण कशाला उभे राहायचे?

आता व्यवहाराचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांप्रमाणे एम.ए.ला ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी (नॉन क्रीमी लेयर), आर्थिक दुर्बल आणि दिव्यांग यांना ५ टक्के सूट. चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना ७५ टक्क्यांवर थेट अर्ज करता येतो. आपल्याकडे एम.ए. प्रायव्हेट बसून 'निघून जाईल' अशा हिशोबाने केले जाते आणि गाडी ५३ वर थांबते. मग पुढची सगळी दारे बंद. पीएच.डी.चा निर्णय एम.ए.च्या पहिल्या वर्षी घ्यावा, तो यासाठी. एम.फिल. त्याच नियमांनी बंद झाली आहे, तेव्हा "आधी एम.फिल. कर" हा जुना सल्ला आता देऊ नये.

२०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही चालतात. फेलोशिप न मिळालेल्या उमेदवारासाठी नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असते, आणि ते गुण एकच वर्ष टिकतात. काही विद्यापीठे स्वतःची परीक्षा घेतात, म्हणून जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये. एवढा पगार आपल्या गावात किती नोकऱ्या देतात, ते वाचकांनीच ठरवावे. नेटचा राज्यशास्त्राचा पेपर इंग्रजी आणि हिंदीतच असतो. इथे आपल्या मुलांची बाजू भक्कम आहे, कारण हिंदी शाळेत शिकलेली आणि मराठी घरात बोललेली ही मुले दोन्ही भाषांतली कागदपत्रे वाचू शकतात. मुलाखतीत हे ठासून सांगावे. पुण्या-मुंबईच्या उमेदवाराकडे हे सहसा नसते.

मार्गदर्शक मिळवणे हे सर्वांत किचकट काम. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. जागा रिकामी नसेल तर गुण असूनही उपयोग नाही. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरचे प्रबंध फुकट वाचता येतात. आपल्या विषयाच्या जवळचे चार-पाच प्रबंध तिथे वाचावेत, त्यांचे मार्गदर्शक कोण ते पाहावे आणि दोन पानांचा आराखडा जोडून त्यांना पत्र लिहावे. ओळखीच्या पुढाऱ्याकडून फोन करवू नये. दिल्लीत जेएनयूचे आंतरराष्ट्रीय अध्ययन केंद्र १९५५ मध्ये स्वतंत्र संस्था म्हणून सुरू झाले आणि १९७० मध्ये विद्यापीठात आले. या विषयात त्याचे नाव अजून पहिले घेतले जाते. दिल्लीच्या गाड्या पांढुर्ण्यावरूनच जातात, म्हणून हे सांगितले.

सीमेवरच्या माणसाची एक अडचण नागपूरला गेल्यावर कळते, ती आधीच सांगितलेली बरी. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या संशोधन शिष्यवृत्त्या महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहेत. मध्य प्रदेशचे जात प्रमाणपत्र महाराष्ट्राच्या राज्य विद्यापीठात आरक्षणासाठी चालत नाही. मामा काटोलचा आणि जात तीच असली तरी नाही. केंद्रीय विद्यापीठांत केंद्राच्या यादीतील मध्य प्रदेशची नोंद चालते. तेव्हा आरक्षणाचा आधार हवा असेल तर केंद्रीय संस्था आणि आपल्याच राज्यातली विद्यापीठे आधी पाहावीत. छिंदवाड्याला २०१९ मध्ये स्थापन झालेले आणि आता राजा शंकर शाह यांच्या नावाने चालणारे विद्यापीठ आहे. खुल्या प्रवर्गातून लढायची तयारी असेल त्याने नागपूर जरूर गाठावे.

मुलींविषयी वेगळे लिहावे लागते, याचे आम्हाला वाईट वाटते. पीएच.डी.ला साधारण सहा वर्षांची मुदत. स्त्रियांना दोन वर्षे जास्त आणि प्रसूती-बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजा नियमातच आहे. "लग्नाचे काय?" या प्रश्नाला सरकारने उत्तर देऊन ठेवले आहे. जेआरएफच्या वयोमर्यादेतही त्यांना पाच वर्षांची सवलत आहे.

जुन्या घरांकडे आमचे एक मागणे आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचे कागद असतील : मराठीतले शाळेचे दाखले, मालगुजारीच्या पावत्या, १९५५-५६ च्या सभांची पत्रके, नागपूरच्या पुढाऱ्यांची पत्रे. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत जातात. यंदा ती बाजूला काढून ठेवा आणि मंडळाच्या कार्यालयात कळवा. एखादा विद्यार्थी आराखडा घेऊन आला, तर त्याला दाखवायला आमच्याजवळ काहीतरी असेल.