फुकट ॲपची किंमत

आपल्याकडे ॲपसाठी कुणी पैसे मोजत नाही, याचा दोष सरसकट चिक्कूपणाला दिला जातो. तो अन्याय आहे. व्हॉट्सॲपने २०१६ साली वर्षाला एक डॉलरचे शुल्क रद्द केले, तेव्हा अनेकांकडे कार्डच नसते, हे कारण दिले होते. पुढे २०२० मध्ये यूपीआय ऑटोपे आले आणि पैसे भरण्याची वाट मोकळी झाली. तरीही हात आखडतो, कारण विश्वास नाही: चार दिवस मोफत म्हणून सुरू केलेली वर्गणी बंद करायचे बटण शोधूनही सापडत नाही. फुकटात भागते तर खर्च कशाला, हा आक्षेप वरवर रास्त आहे. पण फुकट ॲपचा खर्च बहुधा जाहिराती आणि आपली खासगी माहिती भागवते. म्हणून किंमत उघडपणे सांगणाऱ्या, मराठी नीट सांभाळणाऱ्या ॲपला आपण पैसे द्यायलाच हवेत.