आजीला इंग्रजी शिकवू नका!

गेल्या मे महिन्यात माझा पाच वर्षांचा नातू सिंगापूरहून बेळगावला आला. दारातच आजीने त्याला जवळ घेतले आणि विचारले, ‘‘हाऊ आर यू, बाळा?’’

नातवाशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून ती माउली वर्षभर इंग्रजी वाक्ये पाठ करीत होती. आणि मी, मराठी शाळेचा मुख्याध्यापक, तिचे उच्चार सुधारून देत होतो! त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

लेकीचे उत्तर तयार होते. ‘‘बाबा, घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, अशाने मूल गोंधळते. बालवाडीतल्या बाईच म्हणाल्या, घरीही इंग्रजीच बोला.’’

हा सल्ला मला साफ अमान्य आहे. दोन भाषा कानांवर पडल्याने मूल मागे पडत नाही. काही दिवस ते शब्दांची खिचडी करते, पुढे आपोआप वेगळे करते. पटत नसेल तर आमच्या शहापुरात या. घरात मराठी, गल्लीत कन्नड, बाजारात हिंदी-उर्दू बोलत आमच्या पिढ्या वाढल्या. कोण गोंधळले?

गंमत अशी की, खुद्द सिंगापूरचे शिक्षण दोन भाषांवर उभे आहे. तिथल्या सरकारी शाळेत मुले इंग्रजीबरोबर ‘मातृभाषा’ म्हणून चिनी, मलाय किंवा तमिळ शिकतात. भारतीय मुलांना तमिळऐवजी हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी किंवा उर्दूही घेता येते. या यादीत मराठी नाही. म्हणजे तिथल्या मराठी मुलाची खरी मराठी शाळा त्याचे घर. आणि नेमकी तीच आपण बंद करतो!

परदेशातला संसार सोपा नाही, हे मी जाणतो. आईबाप दोघेही नोकरीला, शेजारी काकू नाही, अंगणात खेळणारी भावंडे नाहीत. इथे मुलाला भाषा द्यायला सारी गल्ली असते. तिथे दोनच तोंडे, तीही संध्याकाळी थकलेली. पण म्हणूनच त्या दोघांनी मराठी सोडली की मुलापुरती ती संपली.

मात्र सारा दोष तिकडच्यांच्या माथी मारू नका. सुट्टीत आलेल्या नातवाला पाहुण्यांपुढे उभे करून इंग्रजी बोलायला कोण लावतो? आपणच. माझा नातू ‘‘आजोबा, मी आली’’ म्हणाला तेव्हा सारे घर खो-खो हसले. बिचारा दिवसभर आईचेच मराठी ऐकतो, तो ‘आली’च म्हणणार! त्यानंतर दोन दिवस त्याने मराठीत तोंड उघडले नाही.

आणि वाचकहो, आपण तरी कोणत्या तोंडाने बोलणार? १९५६ पासून आपण भाषेसाठी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. दुकानावरच्या पाटीसाठी आजही आपले रक्त तापते. पण त्याच सभांतून घोषणा देणारे हात मुलाच्या प्रवेशासाठी इंग्रजी शाळेच्या रांगेत अर्ज धरून उभे असतात. माझ्या शाळेतले रिकामे बाक सिंगापूरने रिकामे केलेले नाहीत.

इंग्रजी मुलांना यायलाच हवी. ती शाळा देईल, रस्ता देईल. आजीने ती देण्याची गरज नाही. आजीजवळ जे आहे ते दुसऱ्या कोणाजवळ नाही.

ते इंग्रजीचे पुस्तक मी कपाटात ठेवून दिले आहे. आता दर रविवारी संध्याकाळी सहाला, म्हणजे तिकडच्या साडेआठला, आजी फोनवर मराठीत गोष्ट सांगते. नातू उत्तरे इंग्रजीत देतो. देईना का! कोणी हसत नाही, कोणी चूक काढत नाही. परवा गोष्ट ऐन रंगात आली असताना ती पाणी प्यायला थांबली. तिकडून आवाज आला, ‘‘आजी, मग?’’

तिने घाईघाईने तांब्या खाली ठेवला.