गिअरचे गणित

एका विद्वान गृहस्थांनी नुकताच निकाल दिला: युद्धनौकांवरची जुनी नेमयंत्रे संगणक नव्हेतच. त्यांत शून्य-एक नाही, प्रोग्राम नाही. दातेरी चाके आणि हँडल मारणारे खलाशी, बस्स. शिवाय नेम तरी कुठे लागत होता?

आधी शून्य-एकाचेच पाहू. २० किलोमीटरवर डागलेला गोळा अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ हवेत असतो. तेवढ्यात २५ नॉटने पळणारे शत्रूचे जहाज चारशेएक मीटर पुढे गेलेले असते, आणि आपलेही जागेवर थांबलेले नसते. दोघांची दिशा आणि वेग लावले की अंतर बदलण्याचा वेग सांगणारे ड्युमरेस्क हे उपकरण ब्रिटिश आरमारात विसाव्या शतकाच्या आरंभीच आले. पुढचे काम आर्गो घड्याळाचे. एक सपाट तबकडी ठरावीक वेगाने फिरते, तिला पोलादी गोळी टेकलेली, गोळीला रूळ. गोळी मधोमध असली तर रूळ ढिम्म. कडेकडे सरकवावी तसा तो भरभर फिरतो. मध्य ओलांडून पलीकडे नेली की उलटा. गोळीची जागा म्हणजे अंतर बदलण्याचा वेग, रुळाचे फेरे म्हणजे एकूण बदललेले अंतर. हे इंटिग्रेशन आहे, महाराज! परीक्षेत भल्याभल्यांना घाम फोडणारे काम ती गोळी अखंड आणि बिनतक्रार करते. तिला शून्य-एकाची ओळख नाही, हा तिचा गुन्हा.

प्रोग्राम? तोफेचे सारे कोष्टक पुढच्या यंत्रांत कॅमच्या उंचसखल पृष्ठभागावरच कोरलेले असे. हँडल? गृहस्थ कीबोर्ड बडवतात तो कशासाठी?

राहिला नेम. १९१६ च्या जटलंडच्या लढाईत शंभरांतले जेमतेम तीन गोळे लागले, हे खरे. पण धुरात आणि धुक्यात दुर्बिणीतून घेतलेले अंतरच चुकीचे आले, तर यंत्राने काय करावे? यावरूनच आर्गो घड्याळ श्रेष्ठ की त्याचे प्रतिस्पर्धी नेमयंत्र ड्रायर टेबल, हे भांडण शंभर वर्षे चालू आहे. दोन्ही पक्षांचे वकील आरमारापेक्षा एकमेकांवरच जास्त तोफा डागतात.

माझे म्हणणे एवढेच: बदलती माहिती घेऊन, नेमून दिलेल्या नियमाने, वेळेत उत्तर देतो तो संगणक. १९९१ च्या आखाती युद्धात मिसूरी आणि विस्कॉन्सिन या अमेरिकन युद्धनौकांच्या १६ इंची तोफांचे गणित याच घराण्यातल्या यांत्रिक रेंजकीपरांनी केले. शून्य-एकवाले संगणक तोवर टेबलाटेबलावर पोचले होते.