रोजच्या वागण्याला गुण देताना

दहा वर्षांच्या मुलाला गणित किती येते हे शाळेच्या पेपरात कळते. तो आपणहून आंघोळ करतो का, वाण्याकडून उरलेले पैसे नीट परत आणतो का, आपला डाव संपल्यावर बॅट दुसऱ्याच्या हाती देतो का, हे तिथे कळत नाही. ते घरच्यांना विचारावे लागते. असे प्रश्न विचारणारी एक चाचणी, व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी, आपल्याकडे बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र किती टक्क्यांचे मिळणार हे ठरवते. घरच्यांच्या तोंडी माहितीवर मुलाचे हक्क टांगू नयेत, असे काहींना वाटते. मुलाला खऱ्या जगण्यातून पाहणारी हीच एक चाचणी आहे, असे इतर काही म्हणतात. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

चाचणीचे मूळ अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या व्हाइनलँडच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये आहे. बिने यांची बुद्धिचाचणी हेन्री गॉडर्ड यांनी अमेरिकेत रुजवली ती याच संस्थेतून. पुढे १९३५ च्या सुमारास तिथल्याच एडगर डॉल यांनी म्हटले की नुसता बुद्ध्यांक पुरेसा नाही, मूल स्वतःचे किती सांभाळते आणि चारचौघांत कसे वागते हेही मोजले पाहिजे. त्यांनी ११७ प्रश्नांची श्रेणी बनवली. भारतासाठी तिचे रूपांतर झाले आपल्या नागपुरात. तिथल्या बालमार्गदर्शन केंद्राचे डॉ. ए. जे. मॅलिन यांनी जन्मापासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ८९ प्रश्न ठेवले. जेवण, कपडे, हिंडणे-फिरणे, बोलणे, कामधंदा, इतरांशी वागणे अशा आठ अंगांनी ते विचारले जातात. उत्तरांवरून मुलाचे सामाजिक वय काढायचे, त्याला खऱ्या वयाने भागायचे आणि शंभराने गुणायचे. आलेला आकडा म्हणजे सामाजिक गुणांक.

बुद्ध्यांकाने एकेकाळी किती अन्याय केला हे आठवले की या चाचणीचे मोल कळते. अमेरिकेत १९६९ च्या एका परिषदेनंतर निघालेल्या अहवालाचे नावच ‘सहा तासांचे मतिमंद मूल’ असे होते. गरीब वस्त्यांतली ही मुले शाळेच्या सहा तासांपुरती मंद ठरत. घरी गेली की भावंडे सांभाळत, बाजारहाट करत, गल्लीतले व्यवहार चोख पाहत. त्यांना मंद ठरवणाऱ्या चाचणीने त्यांचे उरलेले अठरा तास पाहिलेच नव्हते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदान-पुस्तिकेत अक्षमतेची तीव्रता बुद्ध्यांकावर ठरत नाही, ती रोजच्या वागण्यावर ठरते. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या व्याख्येतही बौद्धिक मर्यादेबरोबर दैनंदिन सामाजिक आणि व्यावहारिक कौशल्यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

दुसऱ्या टोकाला वेगळी मुले आहेत. स्वमग्न असलेला एखादा मुलगा रेल्वेचे वेळापत्रक तोंडपाठ म्हणतो, त्याचा बुद्ध्यांक शंभराच्या पुढे असतो, आणि बाराव्या वर्षीही त्याला कोणी हाताला धरल्याशिवाय रस्ता ओलांडता येत नाही. बुद्धी चांगली आणि रोजचे वागणे बरेच मागे, असे अंतर स्वमग्नतेत वारंवार दिसते. नुसता बुद्ध्यांक पाहिला तर या मुलाला मदतीची गरजच दिसणार नाही. त्याच्या आईची दमछाक कागदावर आणणारी गोष्ट म्हणजे हीच प्रश्नावली.

इथपर्यंत माझे मत चाचणीच्या बाजूने आहे. अडचण सुरू होते ती समोरासमोर बसल्यावर.

“शर्टाची बटणं स्वतः लावतो का, ताई?”

“येतात त्याला. पण लावते मीच. सकाळी सव्वासहाला रिक्षा दारात असते, मॅडम.”

“जेवतो आपलं आपण?”

“आजी भरवते. नाहीतर तासभर ताटावर बसून राहतो.”

इथे गुण कसे द्यायचे? मुलाला काय करता येईल यापेक्षा तो नेहमी काय करतो ते नोंदवायचे, हा या चाचणीचा नियम आहे आणि तो योग्यही आहे. पण आपल्या घरांत सहा-सात वर्षांच्या मुलाला भरवणे म्हणजे प्रेम करणे. त्या घासावरून मुलाच्या क्षमतेचा निष्कर्ष काढला तर आपण आजीची माया मोजलेली असते. उलट मेळघाटातल्या किंवा जव्हारच्या पाड्यावर सात वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन पाण्याला जाते, शेळ्या वळवून आणते, वीस रुपयांचे तेल-मीठ आणते. पुण्याच्या बंद फाटकांच्या सोसायटीतला तिच्याच वयाचा मुलगा कधी एकटा खाली उतरलेला नसतो. दोघांच्या सामाजिक वयातल्या फरकामागे बुद्धीचा हात किती आणि घराचा किती, हे ८९ उत्तरांच्या बेरजेतून वेगळे काढता येत नाही.

डॉल यांना हे ठाऊक होते. मुलाला करण्याची संधीच मिळाली नसेल तर तशी नोंद करण्यासाठी त्यांनी वेगळी खूण ठेवली होती. तरीही त्यांची मूळ यादी त्यांच्या समाजाचीच होती. सात-आठ वर्षांच्या टप्प्यावर एक प्रश्न असा होता, की सांताक्लॉज खराखुरा नसतो हे मुलाला उमगले आहे का. दुसऱ्या समाजासाठी चाचणी नव्याने बांधावी लागते ती यामुळेच. मॅलिन यांनी ते काम केले, पण त्यांच्या काळी वेल्क्रोचे बूट नव्हते, फोनवरून वाणसामान येत नव्हते आणि शाळेच्या व्हॅन दारात थांबत नव्हत्या. आजच्या मुलांवर बेतलेले नवे निकष मराठी घरांत फिरून तयार करण्याचे काम राज्यातल्या विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांनी हाती घ्यायला हवे. पैसा लागेल, वर्षे लागतील. तरी करावे.

सगळ्यात जास्त काळजी मला टक्केवारीची वाटते. २०१८ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत सामाजिक गुणांक ५५ ते ६९ असेल तर ५० टक्के अक्षमता धरली आहे आणि ७० ते ८४ असेल तर २५ टक्के. कायद्यातले बहुतेक मोठे हक्क मात्र ४० टक्क्यांपासून सुरू होतात. सहा ते अठरा वर्षे मोफत शिक्षण, उच्च शिक्षणातल्या आणि नोकरीतल्या राखीव जागा, हे सगळे त्या रेषेपलीकडे. दहा वर्षांच्या मुलाचे सामाजिक वय सात वर्षे निघाले तर गुणांक ७० येतो आणि तो रेषेच्या अलीकडे राहतो. सहा वर्षे नऊ महिने निघाले तर गुणांक ६७.५ आणि तो पलीकडे. सहा-सात वर्षांच्या टप्प्यावर श्रेणीत जेमतेम चार प्रश्न आहेत, म्हणजे एका प्रश्नाला तीन महिने. बटणे कोण लावते, आंघोळ कोण घालते, अशा एकाच उत्तरावर मुलाचे प्रमाणपत्र इकडचे तिकडे होऊ शकते.

हे घरच्यांनाही कळते. सवलत हवी असलेली आई मुलाला येते तेही येत नाही म्हणून सांगते. सासरी-माहेरी बोभाटा नको म्हणून दुसरी आई न येणारे येते म्हणून सांगते. दोघींना दोष देण्यात अर्थ नाही. आपणच त्यांच्यापुढे असा कागद ठेवला आहे.

मग चाचणी टाकून द्यायची का? मुळीच नाही. टाकली तर आपण पुन्हा नुसत्या बुद्ध्यांकाकडे जाऊ, आणि त्यात सर्वाधिक नुकसान होईल ते पाड्यावरच्या मुलीचे आणि वेळापत्रक पाठ असलेल्या मुलाचे. पण गुणांक ६५ ते ७५ च्या दरम्यान आला तर एका बैठकीवर निकाल देऊ नये. अशा मुलासाठी दुसरी साक्ष काढावी. वर्गशिक्षिका त्याला डबा खाताना, रांगेत उभे राहताना, भांडताना रोज पाहते. लहान मूल असेल तर अंगणवाडी सेविकेला घर ठाऊक असते. त्यांना तीच प्रश्नावली स्वतंत्रपणे द्यावी. घरचे आणि शाळेचे उत्तर जिथे जुळत नाही, तिथे मानसशास्त्रज्ञाने मुलाला ते काम प्रत्यक्ष करायला सांगावे. खोलीत एक शर्ट, एक पाण्याची बाटली आणि थोडी नाणी ठेवायला फारसा खर्च येत नाही. आणि ‘संधी मिळाली नाही’ हा रकाना अर्जावर छापलेला असावा, तपासणाऱ्याच्या स्मरणावर सोडू नये.

जिल्हा रुग्णालयात एकाच मानसशास्त्रज्ञापुढे दिव्यांग तपासणीच्या दिवशी लांब रांग असते आणि एका मुलाला अर्धा तासही मिळणे कठीण असते, हा यावरचा खरा आक्षेप आहे आणि तो मला खोडता येत नाही. सगळ्यांची दोनदा तपासणी शक्य नाही. म्हणूनच ती सीमेवरच्या मुलांपुरती मागितली आहे. केंद्राच्या २०१८ च्या त्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रमाणपत्राचे पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी नूतनीकरण करायचे असते आणि अठराव्या वर्षी मिळालेले जन्मभर टिकते. निदान त्या शेवटच्या तपासणीला मुलाचे शिक्षक किंवा कार्यशाळेतले प्रशिक्षक बोलावणे सक्तीचे करावे, आणि त्यांच्या नोंदी आईच्या उत्तरांना जोडून फाइलमध्ये ठेवाव्यात.