वीजखरेदीचा हिशेब रयतेपुढे रुजू करा
कटंगी तहसिलातील समस्त वीजग्राहकांस जाहीर निवेदन

ज्या तहसिलात बावनथडीचे धरण उभे राहिले आणि त्याचे पाणी मध्यप्रदेश व महाराष्ट्र यांनी कराराने वाटून घेतले, आणि ज्याच्यापासून फार लांब नसलेल्या तोतलाडोहच्या 160 मेगावॅटच्या पेंच जलविद्युत केंद्राची वीज दोन वाटे मध्यप्रदेशास व एक वाटा महाराष्ट्रास अशी उघड प्रमाणाने दिली जाते, तेथील रहिवाशांना सामाईक संपत्तीची वाटणी कशी असावी हे कोणी शिकवावयास नको. अशा व्यवहारात वाटा ठरलेला असतो, तो सर्वांस ठाऊक असतो, आणि तंटा पडल्यास कागद पुढे करता येतो.

विजेच्या घाऊक बाजारातही असाच उघडेपणा आला आहे. 2003 च्या विद्युत अधिनियमाने विजेचा व्यापार स्पर्धेस मोकळा केला, आणि 2008 पासून वीज विनिमय बाजारात भाव बोलीने ठरू लागला; आता दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 भाग पाडून प्रत्येक भागाचा भाव काढला जातो. हा भाव कोणासही पाहता येतो. आणि 2022 च्या मार्चात तो युनिटला 20 रुपयांपर्यंत चढला तेव्हा केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने आधी 12 व पुढे 10 रुपयांची कमाल मर्यादा घातली, हेही जाहीरपणेच घडले. जुलै 2025 मध्ये निरनिराळ्या विनिमय बाजारांतील बोली एकत्र करून एकच भाव काढण्याचा आदेश याच आयोगाने दिला. एका बाजाराचे वर्चस्व मोडणारे हे पाऊल आम्हांस सर्वथा इष्ट वाटते.

परंतु ही स्पर्धा कटंगीच्या उंबरठ्याशी येऊन थांबते. आपली वीज जबलपूरची पूर्व क्षेत्र वितरण कंपनी देते आणि राज्यातील तिन्ही वितरण कंपन्यांसाठी खरेदी पॉवर मॅनेजमेंट कंपनी करते. पुरवठादार बदलण्याची मुभा एक मेगावॅटवरच्या मोठ्या ग्राहकास, व हरित वीज घेणाऱ्यास 100 किलोवॅटपासून आहे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडास, किराणा दुकानदारास, आटाचक्कीवाल्यास ती मुळीच नाही. ज्यास दुकान बदलता येत नाही, त्यास निदान दुकानाची वही पाहता आली पाहिजे, एवढेच आमचे मागणे आहे.

आपले बिल हाती घ्या. त्यात इंधन व वीजखरेदी समायोजन अधिभाराची एक ओळ टक्केवारीत छापलेली असते. कधी ती अधिक असते, कधी उणे. ती टक्केवारी कोणत्या केंद्राच्या किती युनिटांमुळे निघाली, हे त्या कागदावर शोधून सापडत नाही. दीर्घ मुदतीच्या करारांत दराचे दोन भाग असतात, स्थिर व बदलता. केंद्र वीज देण्यास सिद्ध असूनही ती उचलली नाही, तरी स्थिर भाग द्यावाच लागतो, आणि तो शेवटी ग्राहकांकडूनच वसूल होतो. न घेतलेल्या विजेपोटी, कोणास, किती रक्कम गेली, हे ज्याच्या खिशातून ती गेली त्याला विनासायास कळू नये, ही गोष्ट आम्हांस अत्यंत अन्यायाची वाटते.

करारांतील दर हे व्यापारी गुपित आहे, असा आक्षेप घेतला जातो. खाजगी पैशाने केलेल्या सौद्यास तो शोभला असता. परंतु ज्या करारास राज्य विद्युत नियामक आयोगाची मंजुरी लागते व ज्याचा भार संपूर्ण राज्य उचलते, त्यास गुपिताचा आडोसा मिळू शकत नाही. 2003 च्या विद्युत अधिनियमाच्या कलम 86 ने राज्य आयोगास आपल्या कामकाजात पारदर्शकता राखण्यास बांधले आहे, आणि कलम 60 ने वर्चस्वाच्या दुरुपयोगाविरुद्ध निर्देश देण्याचा अधिकारही दिला आहे.

म्हणून दर महिन्यास प्रत्येक केंद्राकडून घेतलेली युनिटे, त्यांचा दर आणि न उचललेल्या विजेचा स्थिर आकार यांचा तक्ता हिंदीत व मराठीत कटंगीच्या वीज कार्यालयात लावावा, मूळ करारांच्या नकला मागेल त्यास तेथेच पाहावयास मिळाव्यात, आणि दरवाढीची सुनावणी बालाघाट येथे व्हावी.

दरवाढीचा प्रस्ताव वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झाल्यावर ग्राहकांच्या सूचना व हरकती विचारात घेणे राज्य आयोगास त्याच अधिनियमाच्या कलम 64 अन्वये बंधनकारक आहे. प्रत्येक घराने मुदतीच्या आत आपली लेखी हरकत भोपाळ येथे आयोगाच्या सचिवांकडे पाठवावी, वर्षभराच्या बिलांवरील इंधन व वीजखरेदी समायोजन अधिभाराच्या रकमा तीत उतरवाव्यात, आणि पोहोच जपून ठेवावी.