घरगल्लीतला माणूस

विहारचे पाणी मुंबईत १८६० साली आले, तानसाचे १८९२ साली. पाणी आत आले. सांडपाण्याला बाहेर जायची वाट मात्र पुरेशी नव्हती. १८९६ साली प्लेग आला आणि सरकारी माणसे घराघरांत शिरली. मोरी कुठे तुंबते, दोन चाळींमधली चिंचोळी घरगल्ली साफ आहे का, हे पाहिले जाऊ लागले. अशी तपासणी हवीच, याबद्दल माझा वाद नाही. पण मोरीची चौकशी झाली, तशी मोरी उपसणाऱ्याची कुणी केली? १८८८ च्या पालिका कायद्यात 'हलालखोर कर' होता. घराने कर भरायचा आणि मैला वाहायचा तो जातीने त्या कामाला जुंपलेल्या माणसाने!

हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली आणखी कडक झाला. तरीही गटारात माणसे गुदमरून मरतातच.

मित्रहो, वसतिगृहाची मोरी तुंबली की मी तक्रारवहीत लिहितो. ती कोण काढतो, कशाने काढतो, हे तीन वर्षांत मी एकदाही विचारले नाही. पुढच्या तक्रारीखाली तेवढी एक ओळ आपण सर्वांनीच लिहावी, असे मला वाटते.